मिठाच्या पुड्यावरची तारीख : माण तालुक्यातल्या आमच्या गावात आहार-व्यायामाचं काम

या नोंदी बचतगटाच्या वहीत लिहीत गेले. शेजारच्या वाड्यांवरच्या बायकांना हेच काम करायचं आहे, त्यांनी वही मागितली, म्हणून नीट उतरवून ठेवते आहे. आहारशास्त्र यात फारसं नाही. काय अडलं, कशानं सुटलं, किती पैसे आणि वेळ गेला, एवढंच आहे. गावाचं आणि माणसांचं नाव घातलेलं नाही, कारण यात घरोघरच्या रक्तदाबाच्या आणि किराणा उधारीच्या गोष्टी आहेत.

२ जून २०२४

आशाताईंनी ३० वर्षांवरच्या माणसांची तपासणी पूर्ण केली. १४०/९० च्या वर रक्तदाब निघालेल्यांत बायका जास्त, आणि त्यातल्या कित्येकींना आजवर माहीतही नव्हतं. काही जणींना आधीच गोळ्या लागलेल्या, पण बरं वाटलं की बंद करायच्या. दुसरीकडे सातवी-आठवीतल्या मुलींचे डोळे पांढरे, चालताना दम. एकाच घरात सासूला रक्तदाब आणि नातीला पंडुरोग, असं किती तरी ठिकाणी दिसलं.

आमचा भाग सातारा जिल्ह्यातला, पर्जन्यछायेचा. गेल्या वर्षी पाऊस हुकला, टँकर अजून चालू आहे. अशा गावात 'भाज्या खा, फळं खा' सांगत फिरायला मन धजत नाही. तरी कुठून तरी सुरुवात हवी. आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम आणि बचतगटाच्या आम्ही पाच-सहा जणी, असं ठरलं.

१४ जून

पहिला कार्यक्रम समाजमंदिरात घेतला. तालुक्याहून आहारतज्ज्ञ बोलावल्या, चहा-बिस्किटं, बॅनर, वजनकाटा. खर्च हजाराच्या वर गेला.

बायका आल्या, बसल्या, निघून गेल्या. बाईंनी ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल सांगितलं. त्या मनापासून बोलत होत्या, पण यातलं काहीच आमच्या दुकानात मिळत नाही. वजनकाटा मधोमध ठेवला होता आणि आकडा मोठ्यानं वाचला जात होता. दोन-तीन वजनांनंतर रांग मोडली. एक वहिनी चार बायकांत हसू झालं म्हणून रडवेली होऊन गेली.

पुढच्यांसाठी : काटा आडोशाला ठेवा, आकडा फक्त त्या बाईला दाखवा. आम्ही नंतर काटा सोडून कंबर मोजायचा फीता घेतला. बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की लक्ष द्यायचं, हे एकदा सांगितलं की प्रत्येकीला घरी स्वतःच मोजता येतं. शिंप्याकडचा फीता पुरतो.

२१ जून

योग दिन. शाळेच्या पटांगणात सकाळी साडेसहाला बोलावलं. त्या वेळेला बाईच्या हातात शेण, धारा, डबे आणि पाण्याचा टँकर असतो. आल्या त्या साडी नेसून. जमिनीवर पाय पसरून वाकायचं म्हटल्यावर समोर शिक्षक, सरपंच, फोटो काढणारी पोरं. कुणाला मोकळेपणानं हालताच येईना. एक काकू म्हणाल्या, "दिवसभर खुरपायला वाकतोच की, आता इथंही वाकू का?"

त्यांचं बरोबर आहे. खुरपणी करणाऱ्या, डोक्यावरून वैरण आणणाऱ्या बाईला हालचाल कमी पडत नाही. तिला विश्रांती आणि खाणं कमी पडतं. रात्री वहीत दोन याद्या केल्या. हालचाल कमी कुणाची? दुकानदार, ट्रॅक्टरवाले, निवृत्त मास्तर आणि फौजी, गुडघे धरलेल्या साठीच्या बायका, मोबाईल धरून बसणारी पोरं, आणि सातवीनंतर खेळ सुटलेल्या मुली. शेतात राबणाऱ्या बायका दुसऱ्या यादीत. त्यांच्याशी व्यायामाचं बोलायचंच नाही, जेवणाचं बोलायचं. ही विभागणी आधी केली असती तर जून वाया गेला नसता.

३० जून

आज या कामाला धरायला एक टोक सापडलं.

उपकेंद्रातल्या मॅडम सांगत होत्या की माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं. ५ ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचा. पण आमच्याकडे मीठ चमच्यानं कोण घालतं? चिमटीनं, मुठीनं. वरून खरडा, लोणचं, पापड. बाईला विचारलं की मीठ किती घालता, तर ती "बेतानं" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते.

मग दुकानदार तात्यांच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. एक किलोचा पुडा म्हणजे एका माणसाचे २०० दिवस. घरात चार माणसं असतील तर पुडा ५० दिवस पुरला पाहिजे, पाच असतील तर ४०. म्हणजे बाईला रोज काही मोजायची गरजच नाही. पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाकायची, संपला की दिवस मोजायचे.

हेच तेलाला लावलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत दिवसाच्या ताटात वरचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम धरलं आहे. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल, म्हणजे एका माणसाचे ३३ दिवस, चौघांचे आठ. साखर २५ ग्रॅमच्या आत धरली तर किलोभर साखर एका माणसाला ४० दिवस, चौघांना दहा.

२००, ३३, ४०. हे तीन आकडे घरातल्या माणसांच्या संख्येनं भागायचे. चौथी शिकलेल्या बाईलाही जमतं, नाही तर पोरं करून देतात. तात्यांनी काउंटरवर दोरीला पेन बांधून दिला. खर्च दहा रुपये.

१७ जुलै

आषाढी. गावभर उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, तळलेले पापड आणि दिवसभर चहा. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नसतं. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांना हा दिवस जड जातो, आणि महिन्याला दोन एकादश्या, शिवाय श्रावणी सोमवार, शनिवार.

उपवास करू नका असं कुणीही म्हणायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. विठ्ठल मंदिरात प्रसादाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू आणि ताक ठेवलं. भगर अख्खी घेतली, निवडून तीन पाणी धुतली. भगरीचं पीठ मुद्दाम टाळलं. पावसाळ्यात जुनं पीठ बाधतं, त्याच्या विषबाधेच्या बातम्या दरवर्षी येतात. पातेलं रिकामं झालं. नऊ वाजता संपल्यावर मात्र उरलेल्यांनी साबुदाणाच केला. पुढच्या वेळी दुप्पट करायची.

९ ऑगस्ट

नागपंचमी. ज्या बायका योगदिनाला हालत नव्हत्या त्याच आज रात्री अकरापर्यंत फेर धरून नाचत होत्या. झिम्मा, फुगडी, पिंगा. गुडघे धरलेल्या आत्यासुद्धा टाळी देत फेरात फिरल्या. घाम निथळत होता, धाप लागत होती. हा व्यायाम नाही तर काय?

लगेच ठरवलं : शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर मारुतीच्या मागच्या अंगणात फेर. वेळ बायकांनी ठरवली. पुरुषांना तिकडं येऊ द्यायचं नाही ही त्यांची एकच अट. गाणी त्यांची, चाल त्यांची. आमचं काम म्हणजे एक बल्ब आणि सतरंजी. गुडघे दुखणाऱ्यांनी फुगडी घालायची नाही, बसफुगडी तर मुळीच नाही, त्यांनी फेरात चालायचं. हे एका आत्याचा गुडघा सुजल्यावर नक्की केलं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. तीन मागण्या मांडल्या : शाळेमागचं मैदान मोकळं करणं, तिथं दिवा, आणि मुलींसाठी खेळाचं साहित्य. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे दरवर्षी कागदावर असतं. या वेळी आम्ही आधी विचारून गेलो होतो की गेल्या वर्षी ते कशावर खर्ची पडले. प्रश्न विचारल्याबरोबर सभेचा सूर बदलला. साहित्य आणि दिवा मंजूर झाला. गाव आरोग्य, पोषण समितीला वर्षाला जो १०,००० रुपयांपर्यंत निधी असतो, त्यातून रक्तदाबाचं चांगलं यंत्र घ्यायचं ठरलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी सभेत ठराव तोंडी सोडू नये. इतिवृत्तात लिहून घेऊन, वाचून घेऊन मगच उठायचं.

२५ ऑगस्ट

मिठाच्या पुड्यांची पहिली फेरी. बऱ्याच घरांत पुडा महिन्याच्या आतच संपलेला. आकडे इतके जास्त की माझाच विश्वास बसेना. घरोघर फिरले तेव्हा कळलं, अर्ध्या घरांत त्याच पुड्यातलं मीठ म्हशीच्या आंबोणात जातं. शिवाय जूनमध्ये लोणची घातलेली. म्हणजे पहिली फेरी जवळपास निकामी.

दुरुस्ती : जनावरांसाठी खडे मीठ वेगळं आणायचं, वेगळ्या डब्यात ठेवायचं. लोणच्या-सांडग्यांचं मीठ वेगळ्या पुड्यातून. आता तारखा पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा घोटाळा याहून गंभीर. दोन घरांनी 'रक्तदाबाला चालतं' असं ऐकून सैंधव सुरू केलं होतं. सैंधवातही सोडियम तेवढंच, आणि ते साधं असेल तर त्यात आयोडीन नाही. घरात गरोदर सून. त्यांना त्याच दिवशी आयोडीनयुक्त मिठावर परत आणलं. मीठ कमी करायचं, बदलायचं नाही, हे आता प्रत्येक घरी वेगळं सांगते. आणि मीठ कमी केलं म्हणून रक्तदाबाची गोळी कुणी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

८ सप्टेंबर

मैदानाचं श्रमदान. वेड्या बाभळी, काचा, एक बंद पडलेला ट्रेलर. आमच्या भागाला श्रमदान नवं नाही. पाणी अडवायच्या कामाच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातली टाकेवाडी (आंधळी) राज्यात पहिली आली होती. त्या वेळी हातात टिकाव-फावडं धरलेली माणसं अजून आहेत. त्यांना निरोप दिला, ती आली. ट्रेलर हलवायला मालक तयार नव्हता, त्यात दोन आठवडे गेले. शेवटी त्याचीच मुलगी घरी म्हणाली की मला कबड्डी खेळायची आहे.

मुली पहिल्या दिवशी चपला घालून पळाल्या. मोही हे ललिता बाबर यांचं गाव, आमच्याच तालुक्यातलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी त्यांनी गाठली, दहाव्या आल्या. हे मुलींना माहीत आहे, आणि त्यांच्या आयांनाही. "मुलीच्या जातीला पळून काय करायचंय" असं कुणी म्हटलं की मी एवढंच सांगते : मोही आपल्याच तालुक्यात आहे.

२२ सप्टेंबर

मैदानावर आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. सकाळपासून पोटात फक्त चहा-चपाती. तपासलं तर हिमोग्लोबिन १२ च्या बरंच खाली. त्याच आठवड्यात मैदानावर येणाऱ्या सगळ्या मुलींची तपासणी आशाताईंनी लावली. कमी निघालेल्या खूप.

शाळेत दर आठवड्याला निळी लोहगोळी मिळते. मुलींनी मोकळेपणानं सांगितलं की मळमळतं म्हणून त्या गोळी तोंडात धरून बाहेर थुंकतात. रिकाम्या पोटी दिली जात होती. मुख्याध्यापकांशी बोलून गोळी शाळेतल्या जेवणानंतर द्यायची ठरली. चहा गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबाची फोड, त्यानं लागतं. ज्यांचं फारच कमी होतं त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेलं.

खेळ सुरू करायच्या आधी रक्त तपासायला हवं होतं. जिथं मुली खेळायला उतरणार आहेत तिथं हा क्रम उलटा करू नका. आणि मैदानावर येणाऱ्या प्रत्येकीनं आधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ खायचा, हा नियम केला. महिन्याचा खर्च गटानं उचलला.

६ ऑक्टोबर

परसबागेबद्दल आजवर मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं. आता सगळं एकदम लिहिते.

जूनमध्ये घरोघरी गोल वाफ्यांची बाग आखली. एका योजनेतून बियाण्यांची पाकिटं मिळाली. त्यातली पालक आणि मुळा उगवलेच नाहीत. पाकिटावरची मुदत संपलेली होती, वाटल्यावर पाहिली. जे उगवलं ते कोंबड्यांनी उकरलं. जुन्या साड्यांचं कुंपण केलं, ते शेळ्यांनी दोन दिवसांत पाडलं. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण केल्यावर शेळ्या थांबल्या. फुकटचं आहे, हात फाटतात एवढंच.

पाण्यासाठी मोरीचं सांडपाणी वळवलं होतं. पंधरा दिवसांत पानं करपली. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी त्यात जात होतं. आता भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून गाळून वाफ्यात जातं, कपड्यांचं शोषखड्ड्यात. मोरीला दोन तोंडं करावी लागली. गवंडी आणि पाइप मिळून घरटी सातशे-आठशे. सगळ्यांना परवडलं नाही. जिथं नाही जमलं तिथं बायका बादलीनं टाकतात.

बियाण्यांचं कोडं म्हाताऱ्या आयांनी सोडवलं. गाडग्यात राखेत ठेवलेलं माठ, तांदुळजा, आंबाडी, दोडका, घेवडा यांचं बी त्यांच्याकडे होतं. तांदुळजा महिन्याच्या आत कापणीला आला. चाकवत पुढच्या थंडीसाठी टाकला. आणि घोळ, पाथरी, कुरडू यांना पेरावंही लागलं नाही, ती रानात आपली आपण येतात. तरण्या सुनांना ती ओळखता येत नव्हती, म्हणून खुरपणीला जाताना एका आईंना बरोबर घेतलं. तेवढ्या एका सकाळीत जूनच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकायला मिळालं.

शेवग्यानं मात्र लाज राखली. प्रत्येक दारात एक फांदी लावली होती. वाऱ्यानं काही मोडल्या, कारण त्या सरळ वर गेल्या. कमरेएवढं झाड झालं की शेंडा खुडायचा, मग ते फुटतं, बुटकं राहतं आणि पाला हाताला येतो. शेंगा सगळ्यांना माहीत, पाला खायची सवय नव्हती. पाल्याची भाजी कडवट म्हणून पोरं खाईनात. पाला सावलीत वाळवून, चुरून भाकरीच्या पिठात आणि आमटीत घातला तर कुणी ओळखत नाही.

२० ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता लागली. मैदानाच्या दिव्याची खरेदी अडकली. संध्याकाळी सहाला अंधार, मुलींना आया पाठवीनात. ऑगस्टमध्ये ठराव झाला तेव्हाच मागे लागून दिवा घेतला असता तर हे टळलं असतं. तोवर निवृत्त फौजी नानांनी स्वतःच्या घरावरून वायर ओढून दिली. ते स्वतः मैदानाला फेऱ्या मारू लागले, त्यांच्यामागून आणखी चार-पाच पुरुष. पुरुषांसाठी वेगळं काही करायचं राहूनच गेलं होतं, ते इथून सुरू झालं.

१ डिसेंबर

निवडणूक उरकली, दिवा बसला. साधारण १,८०० रुपये, वायरिंगसकट.

पुरुषांचं पुढचं पाऊल डेअरीवरून. गावात दूध घालायला जो तो मोटारसायकल काढतो, घर ते संकलन केंद्र हाकेच्या अंतरावर. संकलन केंद्रावरच्या दादांनी गाड्या लावायची जागा पलीकडं, वेशीजवळ नेली, कारण तिथं गर्दीत किटल्या सांडायच्या. त्यांनी ते त्यांच्या सोयीसाठी केलं, फायदा आम्हाला झाला. आता बरेच जण किटली हातात घेऊन चालतच येतात. दिवसातून दोनदा. प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं लागतं, त्यातला बराच हिस्सा इथंच निघतो. ज्यांचं दूध जास्त आहे त्यांना हे जमत नाही, त्यांच्या मागे लागलो नाही.

१५ डिसेंबर

शाळेजवळच्या दुकानाचं. पाच रुपयांचे तेलकट-खारट पुडे दारात माळेसारखे लटकलेले. शाळेच्या ५० मीटरच्या आत असं जास्त मीठ-साखर-तेलाचं विकू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो कागद घेऊन आमच्यातल्या दोघी गेल्या आणि भांडण झालं. दुकान विधवा मावशीचं, पुड्यांवर तिचं घर चालतं. नियम खरा असला तरी तिच्या पोटावर पाय देऊन आमचं काम टिकणार नव्हतं.

दुसऱ्यांदा मी एकटी गेले, कागद न घेता. पुड्यावर किती सुटतं, किती दिवस टिकतो, हे विचारलं. तिची अडचण टिकण्याची होती. केळी काळी पडतात, पेरू पोरं दाबून बघतात, फुटाणे सादळतात. मग गटानं तिला झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या दिल्या, फुटाणे आणि शेंगदाणा-गुळाच्या वड्यांसाठी. वड्या गटातल्या बायका करतात, न खपलेल्या आम्ही परत घेतो. ही परत घेण्याची अट नसती तर ती तयार झाली नसती. उकडलेली अंडी तिनंच सुचवली. पुडे बंद झालेले नाहीत. ते दारातून आत, वरच्या फळीवर गेले, आणि मागितल्याशिवाय दिसत नाहीत. विक्री घटली हे मावशीच सांगते. तिच्या गल्ल्यात फारसा फरक पडू नये यासाठी बोरं आणि हुरड्याच्या दिवसांत आणखी काही ठेवता येईल का, ते बघते आहे.

१३ जानेवारी २०२५

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. आज कुणाला काही सांगायची गरज नसते.

भाकरीचं आमचं काम मात्र अडखळलेलंच होतं. रेशनवर गहू-तांदूळ माणशी ५ किलो फुकट मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. ज्यांच्या शेतात शाळू होतो तेही काढणी झाली की व्यापाऱ्याला घालतात. एका आईंशी बोलताना अडचण दुसरीच निघाली. त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडली. त्यांच्या लेखी गव्हाची चपाती म्हणजे सुखाचे दिवस आले. 'भाकरीकडं वळा' असं मी म्हणत होते, त्यांना ऐकू येत होतं 'गरिबीकडं वळा'. त्या दिवसापासून ते वाक्य सोडलं.

तरण्या सुनांची अडचण आणखी वेगळी : भाकरी थापताना तुटते, सगळे हसतात, म्हणून चपाती. पीठ महिन्याचं एकदम दळून आणलेलं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. आठवड्यापुरतंच दळायचं आणि उकळत्या पाण्याचं आधण घालून मळायचं, एवढ्यानं बऱ्याच जणींची भाकरी जमली. पण गिरणीवाले अण्णा किलो-दोन किलोसाठी जातं बदलत नाहीत. आता गुरुवारचा दिवस ज्वारी-बाजरीचा ठरला. सगळ्या एकाच दिवशी येतात, अण्णांनाही परवडतं.

१९ जानेवारी

हळदीकुंकू. दरवर्षी वाणाला प्लास्टिकचे डबे-चाळण्या. या वर्षी गटातल्या बायकांनी स्टीलचा सपाट चमचा (५ ग्रॅम मिठाचा) आणि आंबाडी-तांदुळज्याच्या बियांची पुडी लुटली. चमचे घाऊक घेतले, एकाला बारा रुपये. विधवा बायकांनाही बोलावलं. काही घरांतून त्यावर कुरकुर झाली, पण त्या आल्या, आणि रक्तदाबाच्या यादीत त्यांचीच नावं जास्त आहेत.

१६ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू, दहावीची तोंडावर, मैदान रिकामं. शाळूची काढणी चालू, शनिवारचा फेरही बंद. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सुगीत माणसं शेतावरच हवीत. वेळापत्रकात हे दोन महिने मोकळेच धरा.

या दिवसांत एकच काम केलं : मळणीच्या वेळी खळ्यावर जाऊन घरखर्चाची पोती आधी बाजूला काढायला सांगितलं. काही घरांनी काढली. व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतलेल्यांना ते जमलं नाही. उचलीचा प्रश्न आमच्या हातातला नाही, पण गटाचं कर्ज काढणीच्या आधी देता आलं तर फरक पडेल.

२३ मार्च

मिठाची दुरुस्त केलेली मोजणी पुरी झाली. जी घरं टिकली त्यांच्यात पुडा आधीपेक्षा बरेच दिवस जास्त पुरतो आहे. ठरलेल्या दिवसांपर्यंत मात्र थोडीच घरं पोचली. तेलाचं चित्र वाईट आहे. दिवाळीनंतर बहुतेकींनी तेलाच्या पिशवीवर तारीख टाकणं सोडलं, कारण आकडा बघून वाईट वाटतं, असं त्याच म्हणाल्या. साखर कमी झाली ती चहाचे कप लहान केल्यामुळे. ही युक्ती एका सुनेची.

रक्तदाबाची फेरतपासणी मॅडमनी केली. कुणाचा मिठानं उतरला, कुणाचा गोळी नियमित घेतल्यानं, हे आम्ही सांगू शकत नाही. गोळ्या सोडणाऱ्या कमी झाल्या, यंत्र गावातच असल्यामुळे. मुलींचं हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं राहिलं आहे, परीक्षा संपल्या की लगेच.

खर्च ढोबळ : दिवा, खेळाचं साहित्य, मैदान आखायची फक्की आणि दोरी ग्रामपंचायतीकडून. रक्तदाबाचं यंत्र समितीच्या निधीतून. चमचे, बरण्या, फुटाणे-गूळ आणि प्रसादाचं साहित्य गटाकडून, सगळं मिळून पाच-सहा हजारांच्या घरात. जूनमधला बॅनर आणि पाहुण्यांच्या गाडीभाड्याचे पैसे वाचवता आले असते.

एप्रिलमध्ये करायचं : शेवग्याच्या नव्या फांद्या जूनसाठी हेरून ठेवणं. गावच्या यात्रेआधी आचाऱ्याशी तेलाचं बोलणं. तेलाच्या पिशवीऐवजी तात्यांच्या दुकानातच घरटी महिन्याचं तेल वहीत मांडता येईल का, ते त्यांना विचारणं. आणि मुलींच्या बुटांसाठी सरपंचांना पुन्हा भेटणं, कारण चपलांनी पळून तीन जणींच्या टाचा फाटल्या आहेत.